उभ्या गाडीच्या तीन किल्ल्या

नाशिकच्या अंबडमधल्या एका बॅटरीच्या दुकानात, चार-पाच गिऱ्हाइकांसमोर, दुकानाचा शेठ मला म्हणाला होता, "ताई, गाडी चालवता कुणालाही येते. उभी गाडी सांभाळायला डोकं लागतं. आणि ते काही आमच्याकडे मिळत नाही."

गिऱ्हाइकं हसली. एक ट्रकवाला तर इतका हसला की त्याला ठसका लागला आणि शेठनेच त्याला पाणी दिलं. मला पाणी विचारलं नाही.

आता मला डोकं नाही असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. फार तोंड आहे असं म्हटलंय, ते मी मान्यही केलंय. माझा धंदा जुन्या क्रेटचा. द्राक्षं, टोमॅटो, डाळिंबं ज्यातून बाजारात जातात ते प्लास्टिकचे क्रेट. तडे गेलेले, चिखलाने भरलेले मी उचलते, धुऊन-सांधून परत विकते. सुरुवातीला मीच धुवायचे, आणि मीच हातगाडीवर लादून न्यायचे. आज पाथर्डी फाट्याजवळ माझं गोडाऊन आहे, त्याच्या मागच्या बाजूला आमचा फ्लॅट आहे आणि खाली, गेटवरून न दिसणाऱ्या मागच्या पार्किंगमध्ये, माझी स्वतःची गाडी आहे. सेकंडहँड, पांढरी, साध्या किल्लीची. नवऱ्याला गाडी येत नाही. तो शेजारी बसतो आणि प्रत्येक स्पीडब्रेकरच्या आधी "हं" म्हणतो.

शेठ असं का म्हणाला ते सांगते. गोडाऊनमधल्या ओल्या फरशीवर घसरून माझा घोटा मोडला होता. तीन महिने प्लास्टर, तीन महिने गाडी उभी. प्लास्टर निघाल्यावर लंगडत खाली गेले, किल्ली फिरवली, तर गाडी हूं नाही की चूं नाही. बॅटरी याच शेठकडून घेतलेली, वॉरंटीचे नऊ महिने शिल्लक. ती काढून, रिक्षात घालून मी दुकानात नेली. त्याने चष्मा कपाळावरून नाकावर आणला, मीटर लावला, कार्डावर काहीतरी खरडलं आणि कार्ड मला परत दिलं. वॉरंटी लागू नाही. बॅटरीत दोष नाही, वापरात दोष आहे.

"वापरात कसा? मी वापरलीच नाही!" मी म्हणाले.

"तोच दोष," शेठ म्हणाला.

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी त्याने तोंडात बडीशेप टाकली आणि शांतपणे ते डोक्याचं वाक्य बोलला. हा माणूस आवाज चढवत नाही. भांडताना समोरच्याने आवाज चढवला नाही की माझा दुप्पट चढतो आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं चूक माझीच. तरीही नवीन बॅटरी मी त्याच्याकडूनच घेतली, कारण जुनीचे मोडीत सगळ्यात जास्त पैसे तोच देत होता. राग वेगळा, भाव वेगळा.

पुढच्याच वर्षी मुलीचा परदेशातून फोन आला. बाळ होणार होतं, आई-बाबांनी यायचं, चार महिने राहायचं. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मधेच मला पार्किंगमधली गाडी दिसली. चार महिने! मागच्या वेळी तीनच होते.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला घेऊन थेट शेठच्या काउंटरवर. दुकानात गर्दी आहे ना ते आधी बाहेरून बघून घेतलं.

"शेठ, चार महिने गाडी उभी राहणार आहे. परत आले की तुम्ही माझ्या पार्किंगमध्ये यायचं. पहिल्या किल्लीत गाडी सुरू झाली, तर ते डोक्याचं वाक्य याच काउंटरवर, गिऱ्हाइकांसमोर मागे घ्यायचं."

"कुठलं वाक्य?" शेठ म्हणाला.

त्याला ते आठवतही नव्हतं! मी वर्षभर ते उशाशी घेऊन झोपत होते. मी त्याला ते शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. गिऱ्हाइकं पुन्हा हसली.

"बरं. आणि सुरू नाही झाली तर?"

"तर मी याच काउंटरवर सांगीन, शेठ बरोबर होते, मला डोकं नाही."

नवऱ्याने मला कोपराने ढोसलं. शेठला मात्र मजा वाटायला लागली होती. त्याने बॅटरीचा नंबर आपल्या वहीत उतरवून घेतला. "बॅटरी हीच पाहिजे. ढकलून चालणार नाही, दुसऱ्या गाडीला वायर जोडून चालणार नाही. बाकी चार्ज करा, पूजा करा, काय वाटेल ते करा."

"मान्य."

"आणि ताई, एक सांगू का? निघताना मायनसची वायर काढून ठेवा. दहा नंबरचा पाना लागतो, दोन मिनिटांचं काम आहे. गाडी बंद असली तरी तिच्यातलं घड्याळ, अलार्म, टेप असं काय काय थेंब थेंब खात असतं. वायर काढली की खाणं बंद. बाकी काही करू नका."

इथे माझ्या धंद्याने माझा घात केला. या धंद्यात मी दोन गोष्टी शिकले आणि त्यांवरच उभी राहिले. पहिली, समोरच्याने पहिल्या झटक्यात सांगितलेली गोष्ट खरी धरायची नाही. दुसरी, कुठलंही काम असो, तीन ठिकाणी विचारायचं आणि तिघांना एकमेकांचा पत्ता लागू द्यायचा नाही. मग तिघंही नीट वागतात.

आता ज्या माणसाला हरायचं नाही, तोच मला जिंकायची युक्ती फुकट सांगतोय! पायरीवरूनच मी नवऱ्याला म्हणाले, "वायर तर मी मुळीच काढणार नाही."

"अगं, पण त्याचा धंदाच आहे तो. त्याला कळत असेल."

"तेच ना! त्याला कळतं म्हणूनच तो मला खोटं सांगणार."

नवरा "हं" म्हणाला. समोर स्पीडब्रेकर नव्हता.

माझी योजना साधी होती. गाडी बंद राहिली म्हणून बॅटरी मेली, मग गाडी बंद राहूच द्यायची नाही. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं कुणीतरी सुरू करायची, एवढंच. कुणीतरी म्हणजे आमचे वॉचमनमामा. पेठ तालुक्यातले, पन्नाशीचे, गावी ट्रॅक्टर चालवलेले. त्यांना मी मंगळवार दिला. पण माणूस विसरला तर? म्हणून पहिल्या मजल्यावरच्या सरांना गाठलं. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, वेळच वेळ. त्यांना गुरुवार दिला. आणि सर आजारी पडले तर? म्हणून मागच्या गल्लीत राहणाऱ्या माझ्या नणंदेला रविवार दिला. एक किल्ली होती, दोन नव्या करून आणल्या. प्रत्येकाला एकेक किल्ली देताना मी आवाज खाली आणून सांगितलं, "फक्त तुमच्यावर सोपवून जातेय. कुणाला बोलू नका हं."

मामा म्हणाले, "ताई, निर्धास्त जा. ह्या कानाचं त्या कानाला कळणार नाय."

सरांनी नुसता छातीवर हात ठेवला. नणंद म्हणाली, "वहिनी, तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात, हेच खूप झालं." मला जरा लाज वाटली. पण जराच.

नातू झाला. नाक माझं, कपाळ जावयाचं, रडणं परत माझं. मी तिकडे इतकी खुशीत होते की भाजीवाल्याशी भाव करायची पद्धत नाही हे कळूनही मला फारसं दुःख झालं नाही. आणि दर आठवड्याला नाशिकहून तीन आनंदाच्या बातम्या यायच्या. मंगळवारी मामा: "ताई, केली सुरू. लय गोड आवाज हाय." गुरुवारी सर: "इंजिन सुस्थितीत." रविवारी नणंद: "वहिनी, मस्त चालू आहे, काळजी करू नका." मी प्रत्येकाचे वेगवेगळे आभार मानायचे आणि फोन ठेवला की नवऱ्यासमोर टाळी वाजवायचे. तीनपट बंदोबस्त! शेठ त्या काउंटरवर उभा राहून मान खाली घालून बोलतोय, हे मी बाळाला झोपवताना मनात रंगवायचे. कधी तो स्टुलावर उभा असायचा, कधी त्याच्या हातात माईक असायचा. बाळ हसायचं. मला वाटायचं त्यालाही दिसतंय.

तीन महिने असेच गेले. मग एका गुरुवारी, आमच्याकडे नुकतं उजाडलेलं आणि नाशिकला टळटळीत दुपार, मामांचा व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर मामांचं अर्धं कपाळ आणि आमच्या पार्किंगचं छत.

"ताई, घाबरू नका. तुमच्या गाडीत चोरीण शिरलीये."

"काय?"

"एसी लावून झोपलीये!"

मागून सरांचा आवाज आला, "सीट मागे टाकलेलं आहे. तोंड बांधलेलं आहे. डोळ्यांवर काळा चष्मा."

"सर, तुम्ही मागं व्हा. हत्यार असंल."

"मामा, आधी फोन नीट धरा," मी ओरडले. मागच्या खोलीतून मुलगी म्हणाली, "आई, बाळ झोपलंय!" मी कुजबुजत ओरडले, "ती आत शिरली कशी? काच फुटलीये का?"

"नाय, काच चांगली हाय. थांबा, मी उघडतो दार, माझ्याकडं किल्ली हाय."

"तुमच्याकडे कशी असेल?" सर म्हणाले. "किल्ली माझ्याकडे आहे."

स्क्रीनवर फक्त दोन हात दिसत होते आणि दोन हातांत माझ्या गाडीच्या दोन किल्ल्या.

"सर, तुमच्याकडं कुठनं आली ही?"

"मला वहिनींनी विश्वासाने दिलेली आहे."

"मला बी विश्वासानंच दिलीये."

दोघांनी एकदम फोनकडे बघितलं. मी फोन नवऱ्याच्या हातात कोंबायला गेले, पण तो आधीच स्वयंपाकघरात पळाला होता आणि ओट्याला टेकून पोट धरून हसत होता. इतक्यात गाडीची काच खाली झाली. चोरिणीने कानातले इअरफोन काढले, चष्मा वर केला, तोंडाचा स्कार्फ सोडला आणि माझ्या नणंदेचा आवाज आला, "काय झालं हो? एवढी गर्दी कसली?"

स्कूटरवरून उन्हात आली की ती डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळते, नाशकातल्या निम्म्या बायकांसारखी. रविवारी तिच्याकडे पाहुणे यायचे होते म्हणून तिने गुरुवारीच काम उरकायचं ठरवलं होतं.

"तुम्ही आत काय करताय?" सर म्हणाले.

"वहिनींनी सांगितलंय. फक्त मला." आणि मग तिनेही त्या दोन किल्ल्या पाहिल्या.

मला त्या दिवशी तिघांनी काय काय ऐकवलं, ते मी पात्र होते म्हणून ऐकून घेतलं. मामा म्हणाले, "ताई, एका म्हशीला तीन दावी बांधली तुम्ही." सरांनी मला सहावीतल्या मुलीसारखं विचारलं, "यामागचा आपला विचार काय होता, ते सांगाल का?" नणंदेने नुसता चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. ते जास्त लागलं.

मग एकेक बाहेर पडलं. नणंद पाच मिनिटं म्हणून यायची आणि वीस बसायची, एसी फुल्ल लावून, बहिणीशी फोनवर बोलत, कारण घरात तिला बोलायला कोपरा नाही. मामा भजनं लावायचे आणि पंखा. सर इंजिन पाच मिनिटांनी न चुकता बंद करायचे, पण रेडिओ चालू ठेवून पेपर वाचायचे, कारण घरात त्यांच्या बायकोला रेडिओ चालत नाही. माझी गाडी तीन महिने त्या सोसायटीतली सगळ्यात सुखाची खोली झाली होती.

"असू दे," मी म्हणाले. "गाडी चालू आहे ना? मग झालं."

भांडणाच्या भरात नणंदेने इंजिन बंद केलं होतं. तिने पुन्हा किल्ली फिरवली. फोनमधून आवाज आला: टक्. टक् टक् टक्. मग काहीच नाही.

नवरा हसायचा थांबला.

सर वर जाऊन मीटर घेऊन आले. बॉनेट उघडलं, दोन वायरी लावल्या आणि फोनसमोर आकडा धरला. बारा व्होल्टलाही पोचत नव्हता. "साडेबाराच्या वर हवा," सर म्हणाले. "बघा वहिनी, माझीही चूकच आहे, मला कळायला हवं होतं. गाडी सुरू करताना बॅटरीतून एक मोठा घोट जातो. इंजिन नुसतं जागेवर पाच मिनिटं चाललं तर तेवढाही भरून येत नाही. त्यात एसी, पंखा, रेडिओ. आठवड्यातून एकाने काढलं असतं तर कदाचित निभावलं असतं. आपण तिघांनी काढलं."

"आणि काहीच केलं नसतं तर?"

"मायनस काढून ठेवली असती तर चार महिने आरामात राहिली असती."

मला शेठची बडीशेप दिसली. तोंडातली.

परतायला तीन आठवडे होते. माझ्या रागाचं एक बरं आहे. तो जितका जोरात येतो तितक्याच जोरात कामाला लागतो. "सर, ही पुन्हा भरेल का?" मी विचारलं.

"पूर्ण मेलेली नाही. पण अशी रिकामी पडू दिली तर आतल्या पट्ट्यांवर खडे धरतात, मग कायमची जाते. आजच हळू चार्जरवर लावायला हवी. जलद नको, हळू."

चार्जर कुठून आणायचा? शेठकडून सोडून कुठूनही! नणंद त्याच संध्याकाळी रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानात गेली आणि तिने मला व्हिडिओवर घेतलं. मी सात समुद्रांपलीकडून दुकानदाराशी भाव करायला लागले. तो बिचारा स्क्रीनकडे बघून घाम पुसत होता. मुलगी आत येऊन म्हणाली, "आई, बाळ झोपलंय. हळू भाव कर." मी हळू केला. हळू भाव करणं फार अवघड असतं, शब्दांना धारच येत नाही. तरी जमवला. तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या अंगात रक्त फिरलं.

मामांनी बॅटरी काढली आणि खांद्यावरून सरांच्या गॅलरीत नेली. चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो, म्हणून उघड्या हवेत ठेवायची, आणि जवळ काडी ओढायची नाही, असं सरांनी बजावलं. मामांनी आपली बिडी गेटवर ठेवून येण्याची शपथ घेतली. दोन दिवस बॅटरी तुळशीशेजारी बसून होती. सरांच्या बायकोने तुळशीला पाणी घालताना बॅटरीपुढेही हात जोडले, असं मामांनी सांगितलं. टोकांवर पांढरं साचलं होतं ते नणंदेने खायच्या सोड्याच्या पाण्याने घासून काढलं, कोरडं केलं, वर व्हॅसलीन चोपडलं. सरांनी चार्जर काढून बॅटरी एक रात्र तशीच ठेवली, कारण चार्जरवरून उतरल्या उतरल्या आकडा फुगलेला दिसतो. सकाळी बारा पूर्णांक सात.

त्या आकड्याचा फोटो बघून मी नाचले. बाळाला घेऊन नाचले. जावई दारात उभा राहून बघत होता, त्याला वाटलं बाळाने पहिल्यांदा मान धरली.

मग बॅटरी परत गाडीत. मामांनी विचारलं, "ताई, मायनस लावू का नको?"

मी दात आवळले. "नको. फक्त प्लस लावा. मायनस बाजूला, फडक्यात गुंडाळून ठेवा."

"म्हंजी दुकानवाला सांगत हुता तसंच?"

हे त्यांना कुणी सांगितलं? नवरा खिडकीबाहेर बघत होता.

पुढचे तीन आठवडे मी त्यांना नातवाचे फोटो पाठवायचे, ते मला मीटरचे. त्या तिघांची आता दर रविवारी गाडीभोवती बैठक भरायची. गाडीत बसायला बंदी, म्हणून बाहेर खुर्च्या टाकून. मीटर लावायचा, आकडा वाचायचा, चहा प्यायचा. बारा सात, बारा सात, मग बारा सहाच्या जरा वर. माझा जीव भांड्यात पडत होता.

मुंबईत उतरलो, टॅक्सीने कसारा घाट चढून घरी आलो. दुसऱ्या दिवशी अकराला शेठला बोलावलं होतं. मी नवी साडी नेसले. पार्किंगमध्ये मामा, सर, नणंद, नवरा. शेठ स्कूटरवरून आला, चष्मा कपाळावर. बॅटरीचा नंबर बघू का, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, आधी ऐका, मग बघा. मला थांबवतच नव्हतं. मी दार उघडलं, ऐटीत बसले, सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि किल्ली फिरवली.

काहीच नाही. साधं टक् सुद्धा नाही.

"पहिली किल्ली," शेठ म्हणाला. आवाज न चढवता.

मी सरांकडे बघितलं. सरांनी मामांकडे बघितलं. मामांनी नणंदेकडे. नणंद म्हणाली, "अय्या, मायनस!"

ती फडक्यातच होती. सकाळी कुणीतरी लावायची होती. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने लावली असेल. आणि मी बाई आनंदात एवढी फुगले होते की विचारलंच नाही.

शेठने बॉनेट उघडलं. त्याने व्हॅसलीन लावलेली टोकं बघितली, फडकं सोडून बघितलं, वहीतला नंबर ताडून बघितला. कपाळावरचा चष्मा नाकावर आला. मग त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी गाडीतून उतरलेच.

"ही किल्ली धरायची नाही," मी म्हणाले. "बॅटरी जोडलेलीच नव्हती. जोडलेली नसलेली बॅटरी म्हणजे गाडीत नसलेली बॅटरी. माल तागडीत ठेवल्याशिवाय वजन झालं म्हणत नाहीत."

"मान्य," शेठ म्हणाला.

मी पुढचे चार मुद्दे तयार ठेवले होते. ते वाया गेले.

"मान्य आहे ताई. बॅटरी जोडलेली नव्हती, किल्ली रद्द. पण मग एवढंच सांगा. मायनस कुणाच्या सांगण्यावरून काढली?"

मला दोन्ही वाटा स्पष्ट दिसत होत्या. उत्तर दिलं नाही, तर किल्ली पहिलीच ठरते आणि मी हरते. उत्तर दिलं, तर मी जिंकते, पण त्याचं ऐकून जिंकते. पंचवीस वर्षांत मला असा कोंडीत पकडणारा व्यापारी भेटला नव्हता, आणि खरं सांगू, त्या क्षणी मला त्याच्याबद्दल किंचित आदर वाटला. किंचितच.

"तुमच्या," मी म्हणाले.

"ऐकू नाही आलं."

"तुमच्या! तुमच्या सांगण्यावरून! आता लावा ती वायर!"

त्याने खिशातून दहा नंबरचा पाना काढला. बघा, तो घेऊनच आला होता. वायर लावून आवळली, मागे सरला. मी बसले, डोळे मिटले, किल्ली फिरवली.

गाडी अशी सुरू झाली की जणू कालच बंद केली होती. मामांनी शिट्टी वाजवली, वॉचमनची खरी शिट्टी, वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. नणंदेने मला खिडकीतूनच मिठी मारली. सर मीटर शोधत होते. नवरा "हं" म्हणाला आणि डोळे पुसले. नातवाच्या बातमीला जसे पुसले होते तसेच.

"आता बंद करू नका," शेठ म्हणाला. "निदान अर्धा तास चालवा. रस्त्यावर, जागेवर नाही."

"बसा मग. तुमच्या दुकानातच जायचंय ना आपल्याला."

दुकान दहा मिनिटांवर आहे. मी त्र्यंबक रोडने लांबचा फेरा घेतला. पुढे नवरा, मागे शेठ, सर आणि नणंद. गेट सोडता येत नाही म्हणून मामा मागे राहिले, पण त्यांनी नणंदेच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावून ठेवला. मी एसी लावला नाही. कुणी मागितलाही नाही. सगळे घामाघूम आणि सगळे हसतायत, शेठसुद्धा, नकळत. वाटेत त्याने सांगितलं, त्याची स्वतःची स्कूटर मागच्या वर्षी याच कारणाने बंद पडली होती. "कुणाला बोलू नका हं," तो म्हणाला. मागे नणंद फिसकन हसली.

दुकानात चांगली आठ-दहा माणसं होती. ट्रकवाले, एक ट्रॅक्टरवाला, दोन रिक्षावाले. मी काउंटरसमोर जाऊन उभी राहिले.

"बोला शेठ."

"आधी तुम्ही. मायनसचं."

"का म्हणून? पैज तुम्ही हरलात."

"पैज मी हरलो, पण सल्ला माझा होता. गिऱ्हाइकांना दोन्ही कळायला पाहिजे."

"आधी डोक्याचं."

"आधी मायनसचं."

दहा मिनिटं आम्ही यावर घासाघीस केली. शेवटी सरांनी तोडगा काढला. एक, दोन, तीन म्हटल्यावर दोघांनी एकदम बोलायचं. आम्ही दोघांनी थोडा वेळ घेतला, दोघांनाही त्यात फसवणूक सापडली नाही. सरांनी तीन म्हटलं. मी ओरडले की मायनसची वायर मी शेठच्या सांगण्यावरून काढली. शेठ आयुष्यात पहिल्यांदा ओरडला की ताईंना डोकं आहे, मी तेव्हा चुकीचं बोललो. दोन्ही आवाज एकमेकांत घुसले, बाहेरून एक कंटेनर गेला आणि त्या आठ-दहा माणसांतल्या एकालाही काही कळलं नाही. मला मात्र त्याचा शब्दन् शब्द ऐकू आला. त्यालाही माझा आला असणार, कारण त्याने बडीशेपेची डबी उघडून माझ्यापुढे धरली.

काउंटरला टेकलेला ट्रॅक्टरवाला थोडा वेळ आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "शेठ, तुमचं घरातलं भांडण मिटलं असंल, तर माझी बॅटरी बघता का?"